सॅक्सोफोननं धरलेला सूर

लढाईत मी एकही गोळी झाडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं जे सांगेन त्यावर विश्वास ठेवणं सोपं जाईल.

आमचं गाव तेरणेच्या काठावर, तेरच्या खालच्या अंगाला. घर वाजंत्र्यांचं. आई-बाप लवकर गेले, म्हणून मी मामांच्या घरी वाढलो. मामांनी सनई तोंडाला लावली की तेरच्या बाजारातल्या म्हशी पाणी पिता पिता थांबतात, असं मी चारचौघांत सांगत असे. मामांना ते कमी वाटे. ते म्हणत, म्हशी सांगायच्या तर ईटपर्यंतच्या सांग. ईट तिथून इतकं लांब, की बैलगाडीनं निघालेला माणूस पोचेस्तोवर कशाला निघालो होतो तेच विसरतो. पण मामांना विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि म्हशी काही बोलत नाहीत.

मी मामांच्या ताफ्यात सूर धरणारा. सनईच्या ताफ्यात एक जण चाल वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाल फुगवायचे, नाकानं श्वास ओढायचा, तोंडानं सोडत राहायचा, आणि मधे कुठं तुटू द्यायचं नाही. लोक नवरदेवाकडं बघतात, घोड्याकडं बघतात, घोड्यामागं शेण गोळा करणाऱ्याकडंही बघतात. सूर धरणाऱ्याकडं कुणी बघत नाही. मला त्याचा कंटाळा आला होता. म्हणून एका लग्नसराईत ताफा सोलापूरला गेला, तेव्हा मी परत आलो नाही. सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलूख, आमचं गाव निजामाच्या. तिथं लढाईसाठी भरती चालली होती. भरतीवाल्यानं माझे गाल बघितले आणि म्हणाला, बँडमध्ये ये, बँडवाल्याला बंदूक उचलावी लागत नाही. माणूस खरा निघाला. बंदूक उचलावी लागली नाही. माणसं उचलावी लागली.

पलटणीचा बँडमास्तर गोव्याचा होता. त्यानं माझ्या हातात कॉर्नेट दिला. कॉर्नेट म्हणजे आखूड बांध्याचं पितळी वाद्य, वर तीन कळा. सनई फुंकलेल्या माणसाला ते जड नाही. मी पहिल्याच दिवशी असा फुंकला की छावणीतला झेंडा वारा नसताना हलला. मास्तरानं मला झेंड्यापासून लांब उभं केलं. माझ्या शेजारी क्लॅरोनेट वाजवणारा एक गडी होता, अक्कलकोटकडचा. अर्धं मराठी बोले, अर्धं कानडी, आणि रागावला की कुठलंच बोलत नसे. तोच पुढं माझा जोडीदार झाला.

आसामच्या पलीकडं डोंगरात पोचलो तेव्हा वाद्यं पेटीत गेली आणि बँडवाल्यांना स्ट्रेचर मिळाली. दोघांत एक. पुढं जोडीदार, मागं मी. मागच्याला पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही. चिखलात एकाचा पाय सरकला की दुसऱ्यानं वजन आपल्या अंगावर घ्यायचं. विचार करायचा नाही. विचार करेपर्यंत वरचा माणूस खाली पडलेला असतो. आम्ही कुणाकुणाला आणलं आणि त्यांतलं कोण जगलं, हे मी कुणाला सांगत नाही. त्या गोष्टी मला वाढवून सांगता येत नाहीत, आणि आहे तशी गोष्ट सांगायची मला सवय नाही.

जवळच रस्ता बांधणारे अमेरिकन शिपाई होते, काळे. रंगानं आमच्यातलेच, उंचीनं मात्र आमच्या देवळाच्या शिखराला हात लागावा असे. काम सुटलं की उजेड असेतोवर ते ट्रकच्या मागं बसून वाजवत. त्यांच्यातला ट्रंपेटवाला गाल फुगवायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटून उडायचं. ते शोधून आणायचं काम माझ्याकडं होतं. हे लोक लढाईपूर्वी मोठ्या शहरांत हॉटेलांतून वाजवायचे, असं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. आता खडी फोडायचे. त्याबद्दल त्यांनी कुठलेही हातवारे केले नाहीत.

त्यांच्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. मला ते असं समजलं. एक जण गाणं घेऊन निघतो. थोडं सरळ वाटेनं जातो आणि मग वाट सोडून शेतात शिरतो. पिकातून, ओढ्यातून, दुसऱ्याच्या कुंपणातून मन मानेल तसा हिंडतो. बाकीचे बांधावर उभे राहून त्याला हूं, हूं करत राहतात, म्हणजे आपण कुठून निघालो ते त्याला ऐकू येत राहतं. तो घरी परतला की दुसरा निघतो. आमची भाषा एक नव्हती. जोडीदार त्यांच्याशी कानडीत बोलायचा, ते अमेरिकेतलं काहीतरी बोलायचे, आणि दोन्हीकडचे माना डोलवायचे. पण एक गोष्ट त्या ट्रंपेटवाल्यानं आमच्या पाठीवर थापा मारून मारून शिकवली: शेतात शिरलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. कुणीतरी खाली राहायचं.

जोडीदारानं त्यांच्याकडून एक वाकडा सॅक्सोफोन मिळवला. कशाच्या बदल्यात, ते मला माहीत आहे. पण ती बकरी कुणाची होती ते माहीत नाही.

लढाई संपली. पलटणीनं टाकून दिलेला, एका बाजूनं चेपलेला कॉर्नेट घेऊन मी सोलापुरावरून निघालो. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका लागे. बाहेरून येणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. नाक्यावरच्या मुन्शीजींना पेच पडला की हे भांडं आहे की हत्यार. भांड्याची जकात वेगळी होती आणि हत्यारासाठी कोठडी होती. मी म्हणालो, साहेब, वाजवून दाखवतो. वाजवलं. मुन्शीजी ऐकत बसले, चहा मागवला, आणि शेवटी म्हणाले, “मियाँ, ये तो बीमारी है. इस पर महसूल नहीं.” मी बीमारी घेऊन गावात आलो.

मामांनी कॉर्नेट हातात घेतला, उलटा केला, आतली थुंकी सांडली ती बघितली आणि परत दिला. म्हणाले, सनई लाकडाची असते, तिला झाडाची आठवण असते. ह्या पितळाला कशाची आठवण असणार, तांब्याची? मी पुन्हा सूर धरायला बसलो.

तेवढ्यात पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. नवऱ्याकडची मंडळी लातूरची, हौशी. पाटलांना सोलापूरचा बँड हवा होता: सोनेरी बटणांचे कोट, टोप्यांवर तुरे आणि पुढं काठी फिरवणारा मालक. आता गावातली लग्नं वाजवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मामांच्या घराचा. सुगीला खळ्यावरून मिळणारं धान्य त्या मानापोटी, आणि मारुतीच्या पारावर बसायची जागाही त्या मानापोटी. पाटलाच्या घरचं लग्न गेलं की बाकीची लग्नं आपोआप जातात, हे सगळ्या गावाला कळत होतं. मामा-मामींना एक मुलगी, तिकडं अणदूरला दिलेली. मामा तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत.

मामी चुलीपुढून म्हणाल्या, “पाटलानं बँड आणला की बांधा गाठोडं. लेकीच्या दारात जाऊन बसू. तिथं जावयाच्या म्हशींना सनई ऐकवा.”

मामा ताटावरून उठले. जेवण अर्धं टाकलं. मामांनी जेवण टाकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते तापातही भाकरी मोजून खायचे आणि मोजण्यात चुकायचे.

सकाळी ते पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभे राहिले आणि सामना मागितला.

सामना म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. दोन ताफ्यांत मानाचा वाद पडला की जत्रेत, देवळापुढं, दोघं समोरासमोर बसत आणि आळीपाळीनं वाजवत. एकदा वाजलेली चाल पुन्हा कुणी वाजवायची नाही. घेतलेली चाल अर्धी टाकायची नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे समोरच्याच्या चालीखाली सूर धरायचा नाही. सूर धरला म्हणजे त्याला आपला म्होरक्या मानलं, तिथंच हार. पाटलांना ही रीत मोडता येईना, कारण त्यांच्या आजोबांनीच एका वादाचा निवाडा असाच सामना लावून केला होता. ते म्हणाले, ठीक आहे, जत्रेला होऊन जाऊ द्या.

जत्रेच्या दिवशी सोलापूरचा बँड आला. कोटांची बटणं एवढी चकाकत होती की देवळावरची कबुतरं डोळे मिटून बसली. मी बघितलं तर दुसऱ्या रांगेत माझा जोडीदार. कोट त्याला आखूड होता. त्यानं सॅक्सोफोन थोडा वर उचलून मला रामराम केला. मी गाल फुगवून केला. बोलायला सवड नव्हती.

मामांनी सुरुवात केली. गोंधळाच्या चाली, भूपाळ्या, मिरवणुकीच्या, पोवाड्याच्या. बँडनं बोलपटातल्या चाली काढल्या. लोक दोन्हीकडं माना हलवत होते, कारण लोकांचं काय जात होतं. ऊन डोक्यावर आलं तशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बँडकडं चाली संपत नव्हत्या, कारण मुंबईला रोज नवा बोलपट निघत होता. मामांकडच्या चाली मात्र त्यांच्या आज्यापासून चालत आलेल्या, आणि आजा कधीचा थांबला होता. मामांचा श्वासही तोकडा पडायला लागला. ओठ फाटून सनईच्या तोंडाला रक्त लागलं. एक चाल त्यांनी कशीबशी संपवली आणि सनई मांडीवर ठेवली.

बँडची पाळी झाली. आमची आली. मामा उठले नाहीत. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “तुझं पितळ काढ.”

म्या? असं मी विचारलं असेन. ते म्हणाले, “दुसरं कोण हाय हितं?”

मी कॉर्नेट काढला. दोन्हीकडून वाजली नव्हती अशी एक चाल मला आठवत होती. हळद लावताना बायका म्हणतात ती. वाजंत्री ती कधी वाजवत नाहीत, ती बायकांची. मी ती घेतली. पहिल्यांदा सरळ वाजवली. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हसलं. मग माझ्या अंगात ते ट्रकवाले शिरले आणि मी वाट सोडली.

आता हे मी कसं सांगू. मी लई सांगणारा माणूस. पण त्या दिवशी मी जेवढा लांब गेलो तेवढं लांब मला अजून सांगतासुद्धा आलेलं नाही. हळदीची ती चाल घेऊन मी डोंगर चढलो, पूल नसलेल्या नद्या ओलांडल्या. मामांच्या ताफ्यातल्या संबळवाल्यानं हात आवरून घेतले होते, कारण ठोका कुठं टाकावा हे त्याला कळेना. ताफ्यातला सूर धरणारा मी, आणि मीच हिंडायला गेलेलो. मागं कुणीच नव्हतं. परत फिरायची वेळ आली तेव्हा मला कळलं की निघालो कुठून तेच मी विसरलोय. पहिला सूर कुठला, ते सापडेना. एक फिरकी घेतली, दुसरी घेतली. लोकांना वाटलं कसब चाललंय. मामांना तसं वाटलं नाही. चाल अर्धी टाकली की हार, आणि मी आता टाकणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पागोट्याला हात घातला, ते उतरवून पुढं ठेवायला.

तेव्हा समोरून एक सूर आला. जाड, खालचा, जमिनीला टेकलेला. मी जिथून निघालो होतो, नेमका तोच. जोडीदारानं सॅक्सोफोन तोंडाला लावला होता, डोळे मिटलेले होते, आणि तो नुसता तेवढाच सूर लावून उभा होता. मी त्या सुराला धरून उतरत उतरत घरी आलो आणि हळदीची चाल जिथं संपते तिथं संपवली.

मग पागोट्यावरचा हात तसाच ठेवून मामा उठले आणि म्हणाले, “सूर धरला. समोरच्यानं सूर धरला.”

गलका झाला. बँडचा मालक काठी आपटत मधे आला. त्याचं म्हणणं, आमचा माणूस वाद्य तपासून बघत होता, पाळी जवळ आली की सगळेच बघतात, त्याला सूर धरणं म्हणत नाहीत. म्हणणं वाईट नव्हतं. पाटलांनाही पटण्यासारखं होतं. त्यांना पटायचंच होतं. त्यांनी जोडीदाराला जवळ बोलावलं आणि अगदी मायेनं विचारलं, “वाद्य तपासत होतास न्हवं?”

नुसतं व्हय म्हणायचं होतं. नोकरी राहिली असती, कोट राहिला असता, आणि मामा गाठोडं बांधून अणदूरला गेले असते. जोडीदारानं माझ्याकडं बोट केलं.

“ह्यो अडखळला,” तो म्हणाला. “म्या वजन घेतलं.”

“कसलं वजन?”

त्यावर तो रागावला असावा, कारण मग तो कुठल्याच भाषेत बोलला नाही.

पाटलांनी आकाशाकडं बघितलं, देवळाकडं बघितलं, आपल्या आजोबांनाही मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले असतील. शेवटी म्हणाले, मान जुन्याच घराचा. बँडच्या मालकानं तिथल्या तिथं जोडीदाराच्या अंगावरचा कोट उतरवून घेतला. कोट मालकाचा होता, सॅक्सोफोन मात्र याचा स्वतःचा. बँड निघून गेला आणि हा गडी बनियनवर, गळ्यात ते वाकडं धूड अडकवून देवळापुढं उभा राहिला.

मी मामांना म्हणालो, मामा, ह्यानं आपल्याला वाचवलं, ह्याचं काय? मामा पागोटं नीट बसवत होते. म्हणाले, काय म्हणजे? रीत ठरलेली आहे. ज्यानं सूर धरला त्यानं पुढच्या जत्रेपर्यंत जिंकणाऱ्याच्या ताफ्यात सूर धरायचा. मला ते भलतंच कठोर वाटलं आणि मी तसं बोललो. मामा माझ्याजवळ सरकले.

“येड्या, मंग त्याला भाकरी कोण घालंल?”

असा जोडीदार आमच्या घरी आला. मामींनी त्याच्या सॅक्सोफोनकडं बघून विचारलं, हे दूध देतं का. त्यानं नाही म्हटलं. मामी म्हणाल्या, मग गोठ्यात नको, घरात ठेवा. पहिले काही दिवस मामांनी त्याला सुराची सनई देऊन बघितली. त्याला तिच्या तोंडाशी असलेली फुंकायची पत्ती सोसेना. ओठांतून असा आवाज निघे की शेजारची कुत्री घर सोडून नदीपलीकडं राहायला गेली. तेव्हा मामांनी नाइलाजानं सांगितलं, तुझ्या त्या वाकड्यानंच धर, पण एकच सूर. इकडं न्हाय, तिकडं न्हाय.

आणि तो धरायला लागला. ज्या माणसानं अमेरिकन लोकांबरोबर ट्रकवर बसून रानं तुडवली, तो आमच्या ओट्यावर बसून सकाळपासून एक सूर लावायचा. नाकानं श्वास ओढायचा तो मी शिकवला. कधी त्याची बोटं कळांवर चाळवायची, आणि तो त्यांच्याकडं असं बघायचा जसं मास्तर पोरांकडं बघतो. बोटं गप्प व्हायची. माझं काम गेलं होतं. मी सुराची सनई घेऊन नुसता बाजूला बसायचो. त्या खालच्या, जाड सुरावर मामांची सनई एकदम मोठी झाली. मामांना ते कळलं होतं. त्यांनी म्हशींची हद्द ईटच्याही पलीकडं नेली.

पाटलांच्या मुलीचं लग्न लागायच्या आधी नवरदेव मारुतीला आला. दर्शन होईपर्यंत पारावर वाजवायचं, ही रीत. लातूरची मंडळी सॅक्सोफोन बघून एकमेकांना कोपर मारत होती. जोडीदार मामांचं जुनं धोतर नेसला होता, डोक्याला पटका होता. सूर लावून बसला तो असा, की पाराच्या दगडानं सूर लावलाय असं वाटावं. मामांनी दोन चाली वाजवल्या. तिसरीत त्यांचा श्वास पुन्हा तोकडा पडला. मी कॉर्नेटकडं हात नेला. मला वाटलं, आता मला सांगतील.

मामांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आपली सनई खाली ठेवली, माझ्या मांडीवरची सुराची सनई उचलली, तोंडाला लावली आणि सूर धरला. मग जोडीदाराकडं बघून हनुवटीनं समोरची रानं दाखवली.

त्याला आधी कळेना. तो आपला सूर तसाच धरून राहिला. एका ताफ्यात दोन सूर आणि चाल कुणाचीच नाही, असं थोडा वेळ चाललं. मामांनी डोळे वटारले आणि सूर आणखी जोरात लावला. मग त्या गड्यानं एक श्वास घेतला, बोटांकडं बघितलं आणि त्यांना सोडलं.

तो कुठं कुठं गेला ते मी सांगू शकतो, पण तुम्ही म्हणाल मी वाढवून सांगतो. नवरदेव दर्शन करून बाहेर आला आणि पायरीवरच थांबला. लातूरकरांची कोपरं थांबली. मामांनी मात्र सूर कुठं तुटू दिला नाही, म्हाताऱ्या गालांनी, फाटलेल्या ओठांनी. आमच्या ताफ्यात मामांना सूर धरताना त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. ते पुढं सगळ्यांना सांगत, त्या दिवशी सामना नव्हता, तेव्हा हरायचा प्रश्नच नव्हता.

मुहूर्त जवळ आला म्हणून पाटलांचा माणूस धावत आला आणि मामांच्या कानाशी वाकून म्हणाला, नवरदेवाला सोडा, भटजी खोळंबलेत. सूर तोडल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून मामांनी त्याला नुसत्या हातानं पाराकडं खूण केली, बस म्हणून. तो बसला.